नाशिकरोडच्या आभाळातली शाळा

नाशिकरोडकडून नाशिक शहराकडे येताना पुणे रस्त्याच्या कडेला गांधीनगरची धावपट्टी लागते. उपनगर-गांधीनगर भागातल्या घरांना हेलिकॉप्टरचा आवाज इतका अंगवळणी पडलाय की, नवखा पाहुणा गॅलरीत धावतो तेव्हा घरचा माणूस हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतो, "आर्मीचं आहे." पाहुणा बघत राहतो. हेलिकॉप्टर पुढे जात नाही, मागे येत नाही, उतरतही नाही. जमिनीपासून जेमतेम मजलाभर उंचीवर नुसतं लटकलेलं असतं, जरासं डुलत. थोड्या वेळाने पाहुणा कंटाळून आत येतो, कारण वर काहीच घडत नाहीये.

आत मात्र एका तरुण अधिकाऱ्याची पाठ घामाने भिजलेली असते.

हवेत एका जागी स्थिर राहणं, ज्याला वैमानिक 'हॉवर' म्हणतात, हा हेलिकॉप्टरच्या विद्येतला सगळ्यांत छळणारा धडा. विमानाला पुढे पळत राहण्याचा आधार असतो. वेग आहे तोवर पंख त्याला उचलून धरतात. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे डोक्यावर फिरणारी पाती. एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर एखाद्या चेंडूवर उभ्या असलेल्या माणसासारखं असतं. दर क्षणी ते कुठल्या ना कुठल्या बाजूला घसरायला बघतं आणि दर क्षणी त्याला आवरावं लागतं. ते आवरणं शिकवणारी भूदलाची शाळा इथे गांधीनगरला 2003 पासून आहे. तिचं नाव कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल. तोंडी नाव 'कॅट्स'.

दोन हात, दोन पाय आणि एक चौकोन

चेतक हेलिकॉप्टरच्या आत डोकावलं तर वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये एक उभा दांडा दिसतो. तो सायक्लिक. तो ज्या बाजूला झुकवावा त्या बाजूला डोक्यावरच्या पात्यांची तबकडी झुकते आणि हेलिकॉप्टर तिकडे सरकतं. डाव्या हाताशी, सीटच्या बाजूला, जुन्या मोटारीच्या हँडब्रेकसारखी वर-खाली होणारी दांडी असते, ती कलेक्टिव्ह. ती वर ओढली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उचललं जातं. पायाखाली दोन पेडल. ती शेपटीच्या छोट्या पंख्याला हुकूम देतात. पाती एका दिशेने फिरतात म्हटल्यावर खालचा सांगाडा उलट्या दिशेने गरगरायला बघतो. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो.

हे सगळं एकेक करून समजायला सोपं आहे. गंमत पुढे आहे. कलेक्टिव्ह जरा वर घेतली की इंजिनावर भार येतो, सांगाडा गरगरायला लागतो, म्हणून पेडल दाबायचं. पेडल दाबलं की शेपटीच्या पंख्याचा जोर बदलतो आणि हेलिकॉप्टर कडेला सरकतं, म्हणून सायक्लिक किंचित झुकवायचा. सायक्लिक झुकवला की वर उचलणाऱ्या जोरातला थोडा हिस्सा बाजूला जातो आणि यंत्र खाली बसू लागतं, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत.

त्यामुळे प्रशिक्षक ही तिन्ही साधनं शिकाऊ वैमानिकाच्या हाती एकदम देत नाहीत. आधी फक्त पेडल: नाक समोरच्या झाडावर ठेव, बाकी मी बघतो. मग फक्त कलेक्टिव्ह: उंची राख. मग सायक्लिक, आणि इथे बहुतेकांची त्रेधा उडते. हेलिकॉप्टर पुढे घसरतंय म्हणून शिकाऊ दांडा मागे ओढतो. यंत्र लगेच ऐकत नाही, क्षणभराने ऐकतं. तेवढ्या क्षणात घाबरून त्याने दांडा आणखी ओढलेला असतो. आता ते मागे झुलतं. मग पुढे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी शेजारून शांत आवाज येतो, "आय हॅव कंट्रोल", आणि प्रशिक्षकाचा हात लागताच तेच यंत्र खुंटीला बांधल्यासारखं उभं राहतं. शिकाऊला वाटतं, हे आपल्याला जन्मात जमणार नाही. आणखी काही तासांच्या उड्डाणानंतर केव्हातरी, कसं ते त्यालाही नीट सांगता येत नाही, हात आपोआप वागायला लागतात. लहानपणी सायकलचा तोल सापडला, तसंच.

मग जमिनीवर आखलेला चौकोन समोर येतो. नाक एकाच दिशेला ठेवून त्या चौकोनाच्या कडेकडेने, त्याच उंचीवर, आधी पुढे, मग आडवं, मग मागे असं हेलिकॉप्टर चालवायचं. वारा एका बाजूने असतो. चौकोनाच्या प्रत्येक कडेला त्याचा धक्का वेगळा. पाहुण्याला गॅलरीतून जे 'काहीच नाही' दिसत होतं, ते हे.

तोफखान्याची लेकरं

भूदलाला स्वतःचे वैमानिक कशाला हवेत, हवाई दल आहे ना, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर गांधीनगरपासून थोड्याच अंतरावर आहे, देवळालीत. देवळाली म्हणजे तोफखान्याचं गाव. तोफेचा गोळा कित्येक किलोमीटर दूर, डोंगरापलीकडे पडतो. तो नेमका कुठे पडला हे तोफेजवळच्या माणसाला दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर तोडगा काढला: तोफखान्याच्याच अधिकाऱ्याला छोट्या विमानात बसवायचं, वरून गोळा पडताना बघायचा आणि वायरलेसवर सांगायचं, अजून डावीकडे, अजून पुढे. याला 'एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट', म्हणजे उडती टेहळणी चौकी म्हणत. उडवणारा माणूस हवाई दलाचा नव्हता. तो तोफची होता, ज्याला डोंगरापलीकडे बघायचं होतं म्हणून विमान शिकावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर भारतीय तोफखान्याने ही परंपरा चालू ठेवली. छोट्या विमानांची जागा पुढे हेलिकॉप्टरने घेतली, कामं वाढली: टेहळणी, जखमींना हलवणं, सेनापतींना पुढच्या ठाण्यांवर नेणं, दारूगोळा आणि रॉकेल पोचवणं. 1 नोव्हेंबर 1986 रोजी हा उडता विभाग तोफखान्यापासून वेगळा होऊन 'आर्मी एव्हिएशन कोअर' झाला.

मूळ पिंड मात्र टिकला. भूदलाचा वैमानिक परंपरेने आधी पायदळात, तोफखान्यात, रणगाड्यांत किंवा सिग्नल्समध्ये अधिकारी म्हणून काम करतो आणि मग स्वेच्छेने वैमानिक होण्यासाठी अर्ज करतो. चौकीवर रसद थांबली की काय होतं, रात्री पेटलेला स्टोव्ह विझला की काय होतं, हे त्याने किंवा त्याच्या पलटणीतल्या कुणीतरी भोगलेलं असतं. खाली हात हलवणारा माणूस त्याला अनोळखी नसतो.

तेव्हाच्या कॅप्टन अभिलाषा बराक यांचंच उदाहरण बघा. हरियाणातल्या सैनिकी घरातली मुलगी, दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. 2018 साली त्यांना कमिशन मिळालं ते आर्मी एअर डिफेन्समध्ये, म्हणजे शत्रूची विमानं आणि हेलिकॉप्टर पाडणाऱ्या शाखेत. तिथून त्यांनी उडवणाऱ्यांच्या बाजूला यायचं ठरवलं. तोवर आर्मी एव्हिएशनमध्ये महिला अधिकारी हवाई वाहतूक नियंत्रण आणि जमिनीवरच्या कामांपुरत्याच होत्या. 25 मे 2022 रोजी नाशिकला त्यांच्या गणवेशावर 'विंग्ज' लागले आणि त्या भूदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या.

दारं किती, किल्ल्या किती

बारावीतला मुलगा किंवा मुलगी "मला लष्करात हेलिकॉप्टर उडवायचंय" म्हणते, तेव्हा घरच्यांना पहिली गोष्ट माहीत असायला हवी ती ही: भारतात सैन्यदलांचा वैमानिक हा अधिकारीच असतो. जवान किंवा अग्निवीर म्हणून भरती होऊन थेट कॉकपिटमध्ये जाता येत नाही. जवानाला अधिकारी होण्याची वाट आहे, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून. तो अधिकारी झाला की पुढचं दार त्यालाही उघडं असतं.

थेट वाटा मुख्यतः तीन. बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी; तिच्यासाठी 'यूपीएससी' वर्षातून दोनदा परीक्षा घेते, आणि हवाई दल व नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतंच. पदवीनंतर सीडीएस ही परीक्षा. आणि केवळ हवाई दलासाठी एएफकॅट. तीही वर्षातून दोनदा, आणि उड्डाण शाखेसाठी वयाची अट 20 ते 24. एनडीए तर आपल्या खडकवासल्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर तिचं दार मुलींना उघडलं, 2022 मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 मुली तिथून बाहेर पडल्या. तयारीसाठी महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून मुलं घडवते आहे.

लेखी परीक्षेनंतर 'एसएसबी'. पाच दिवसांची ही निवड पाठांतराने निघत नाही. गट पाडून अडथळे पार करायला लावतात, चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात, तासभर मुलाखत घेतात. माहिती किती आहे यापेक्षा अडचणीत हा माणूस इतरांना बरोबर घेऊन काय करतो, हे बघायचं असतं.

त्याच्या पुढचं दार फक्त वैमानिकांसाठी आहे आणि ते सगळ्यांत विचित्र आहे. उड्डाणाचा कल तपासणारी ही चाचणी पूर्वी पीएबीटी नावाने यंत्रांवर व्हायची. आता ती संगणकावर होते आणि तिला सीपीएसएस म्हणतात. आधी उपकरणांच्या तबकड्या वाचून विमान कुठल्या स्थितीत आहे ते ओळखायचं. मग यंत्रापुढे बसायचं. हातात दांडा, पायाखाली पेडल, पडद्यावर पळणारा ठिपका; तो चौकोनात धरून ठेवायचा. त्यात मध्येच दिवा लागतो, मध्येच आवाज होतो, आणि ठिपका न सोडता तो बंद करायचा. कांदा चिरताना कुकरची शिट्टी मोजणाऱ्या आणि त्याच वेळी दारावरच्या माणसाशी बोलणाऱ्या गृहिणीला ही परीक्षा कदाचित ओळखीची वाटेल. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेला उमेदवार सैन्याच्या इतर शाखांत जाऊ शकतो, वैमानिक मात्र होऊ शकत नाही. म्हणून एसएसबीच्या वसतिगृहात आदल्या रात्री सगळ्यांत जास्त जागरण याच चाचणीच्या नावाने होतं.

शेवटी वैद्यकीय तपासणी. डोळे, रंगदृष्टी, कान, हृदय, पाठीचा कणा हे सगळं अपेक्षितच. लोकांना चकित करते ती मोजपट्टी. हवाई दलाच्या वैमानिकासाठी किमान उंची 162.5 सेंटिमीटर, बसल्यावरची उंची 81.5 ते 96 सेंटिमीटर. पायाची लांबी 99 ते 120. आणि मांडी 64 पेक्षा लांब नको. कारण सरळ आहे. कॉकपिट ही शिवलेली चीज आहे, ती कुणासाठी उसवत नाहीत. पाय पेडलपर्यंत पोचला पाहिजे, गुडघा समोरच्या पॅनेलला लागता कामा नये, डोकं छताला टेकता कामा नये. गुणवत्ता असूनही इथे परत पाठवलेली मुलं दरवर्षी असतात. त्यांचा दोष एवढाच की आईवडिलांनी दोन सेंटिमीटर जास्त किंवा कमी दिले.

अमेरिकेतली पद्धत याहून बरीच वेगळी आहे. तिथल्या भूदलात 'वॉरंट ऑफिसर' नावाची एक मधली श्रेणी आहे आणि हेलिकॉप्टर वैमानिकांत तीच बहुसंख्य. पदवी नसली तरी चालते. बारावीएवढं शिकलेला तरुण निवड होऊन थेट अलाबामातल्या फोर्ट रकरच्या उड्डाणशाळेत जाऊ शकतो. त्यांची कल चाचणी एकदा हुकली तर दुसरी संधी मिळते. बदल्यात, प्रशिक्षण संपल्यावर दहा वर्षं सेवा द्यावी लागते. तिथला वॉरंट ऑफिसर जन्मभर उडवतो. आपल्याकडचा अधिकारी बढती मिळत गेली की हळूहळू कॉकपिटमधून कचेरीत येतो.

फायटर हुकलेल्यांची गोष्ट

हवाई दलात आणि नौदलात थेट वैमानिक म्हणूनही निवड होते, त्यामुळे वाट जरा सरळ आहे. हवाई दलाचा शिकाऊ हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस विमानावर पहिले धडे घेतो. मग वाटा फुटतात: फायटर, वाहतूक, हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर मिळालेले जवळच्याच हकीमपेटला चेतकवर शिकतात आणि तिथून पुढे एमआय-17 सारख्या मोठ्या यंत्रांकडे जातात.

या वाटा फुटण्याच्या दिवशी काही चेहरे पडलेले असतात. अकादमीत आलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फायटर असतं. सिनेमांनी ते तिथे ठेवलेलं असतं. "हेलिकॉप्टर मिळालं" हे घरी फोनवर सांगताना आवाज खाली येतो. तो पुन्हा वर यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पहिला पूर किंवा पहिला भूकंप येईपर्यंत. फायटर वैमानिक युद्धाच्या दिवसासाठी सराव करतो. हेलिकॉप्टरवाल्याचा दिवस शांततेतही केव्हाही उगवतो. 2007 मध्ये एअर चीफ मार्शल फली मेजर हवाई दलप्रमुख झाले, तेव्हा त्या पदावर बसणारे ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक होते.

कारगिलच्या युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोन तरुण अधिकारी चीता हेलिकॉप्टर घेऊन त्या डोंगरांत उडत होत्या, जखमींना आणत होत्या, शत्रूच्या जागा हेरत होत्या. चीताच्या अंगावर बंदूक नव्हती.

नौदलाची शाळा तामिळनाडूत अरक्कोणमला आहे, आयएनएस राजाली या तळावर. तिथून 7 जून 2024 रोजी सब लेफ्टनंट अनामिका राजीव नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. नौदलवाल्याचा चौकोन आणखी अवघड, कारण तो हलतो. युद्धनौकेच्या मागच्या डेकवर उतरताना खालची 'जमीन' वर येते, खाली जाते, कडेला कलंडते. लाटांचा ठेका ओळखून, दोन झोक्यांमधल्या उसंतीत यंत्र टेकवायचं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला आणि एखादी बार्ज बुडू लागली की मुंबईतल्या कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून हीच माणसं निघतात. केरळात 2018 च्या पुरात कमांडर विजय वर्मा यांनी अलुवा इथे छतावर अडकलेल्या गर्भवतीला दोरीने वर घेतलं. तिला थेट नौदलाच्या रुग्णालयात नेलं आणि त्याच दिवशी तिला मुलगा झाला. त्या उचलण्यात सगळ्यांत महत्त्वाचं काय होतं, तर दोरी वर येईपर्यंत हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. म्हणजे पुन्हा हॉवरच.

जिथे हवा निम्मी होते

भारतातल्या हेलिकॉप्टर वैमानिकाची खरी परीक्षा मात्र हिमालयात असते. साधारण 18 हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पात्यांना कापायला हवाच कमी, इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी. खाली जे यंत्र पाच माणसं सहज उचलतं, ते वरच्या चौक्यांवर जेमतेम काही किलो नेतं. सियाचिनच्या सर्वांत उंच हेलिपॅडवर, सुमारे 21 हजार फुटांवर, एखाद्या खेपेत रॉकेलचा एकच जेरीकॅन किंवा भाजीचं एकच पोतं पोचतं. परतीचं इंधन किती लागेल याचा हिशेब वैमानिक लिटर-लिटरने करतो, कारण जास्तीचं इंधन म्हणजे कमी सामान आणि कमी इंधन म्हणजे परत न येणं.

तिथला हेलिपॅड म्हणजे बर्फात तुडवून सपाट केलेली, माजघराएवढी जागा. उतरायचं म्हणजे यंत्राची पट्टी टेकवायची, पूर्ण भार टाकायचा नाही. इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या थंडीत ते पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. फिरत्या पात्यांखाली वाकून जवान धावत येतात, सामान ओढून घेतात, जखमी किंवा आजारी सोबत्याला आत ढकलतात, टपाल देतात. मिनिटाच्या आत यंत्र कड्यावरून नाक खाली घालून दरीत झेप घेतं. वेग मिळाला की पाती पुन्हा पकडतात.

हे काम करणारं चीता हेलिकॉप्टर मुळात फ्रेंच 'लामा'. भारताला हिमालयासाठी उंचावर उडणारं यंत्र हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी एका जुन्या लहान हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात मोठ्या हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पाती बसवली. बारीक अंगात मोठं काळीज. भारतात ते हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवू लागलं. 21 जून 1972 रोजी फ्रान्समध्ये ज्याँ बुले या वैमानिकाने लामा 12,442 मीटरपर्यंत नेलं, एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. उतरायला सुरुवात करताच गोठवणाऱ्या थंडीत इंजिन बंद पडलं. बुले इंजिनाशिवाय खाली आले आणि सुखरूप उतरले.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा लोकांचा समज इथे खोटा ठरतो. वैमानिक कलेक्टिव्ह झटकन खाली करतो, पात्यांचा कोन सपाट होतो आणि खालून वर येणारी हवा त्यांना फिरवत ठेवते, वाऱ्यावर फिरणाऱ्या भिरभिऱ्यासारखी. जमीन जवळ आली की पात्यांत साठलेला तोच जोर वापरून कलेक्टिव्ह वर ओढायची आणि हलकेच टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. संधी एकच, कलेक्टिव्ह लवकर ओढली तर जोर उंचावरच संपतो, उशिरा ओढली तर जमीन आधी येते. प्रत्येक शिकाऊकडून हे पुन्हापुन्हा घोटून घेतलं जातं.

13 एप्रिल 1984 रोजी सियाचिनच्या बिलाफोंड ला खिंडीत जी पहिली तुकडी उतरली, ती कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या हाताखालची कुमाऊं रेजिमेंटची प्लाटून. हे कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले. त्यांना तिथे नेलं चीता हेलिकॉप्टरनीच, थोडीथोडी माणसं करत. आज चार दशकांनंतरही तिथल्या माणसांची नाळ त्याच यंत्राशी बांधलेली आहे, आणि तिथेच एक दुखणं आहे. एका इंजिनाचं, जुन्या काळचं हे यंत्र डोंगरात ढग आल्यावर वैमानिकाला फारशी मदत करू शकत नाही. अपघातांत तरुण अधिकारी गेले. 2014 नंतर वैमानिकांच्या पत्नींनी एकत्र येऊन चीता आणि चेतक बदला, अशी मागणी संरक्षण मंत्रालयापर्यंत नेली. ध्रुव, त्याचा सशस्त्र अवतार रुद्र, 2022 मध्ये दाखल झालेलं प्रचंड आणि जुलै 2025 मध्ये भूदलाला मिळालेली पहिली अपाचे अशी नवी यंत्रं येत आहेत. पण चेतक-चीताची हलकी कामं पूर्णपणे उचलणारा वारस अजून त्यांच्या जागी उभा राहिलेला नाही.

यंत्र नवं असलं तरी ढग तेच असतात. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातलं एमआय-17 जुनाट नव्हतं. दरीत हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाची दिशेची जाणीव हरवली, असं चौकशीच्या प्राथमिक निष्कर्षात सांगितलं गेलं. ढगात शरीर खोटं बोलतं. कानातला तोल सांगतो सरळ आहोत, तबकडी सांगते कललो आहोत. अशा वेळी स्वतःवर नाही तर तबकडीवर विश्वास ठेवायचा, हे शिकवायला वेळ लागतो, कारण ते माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे.

पगार, घर आणि नंतर

सुरुवातीचं मूळ वेतन दरमहा 56,100 रुपये, त्यावर लष्करी सेवा वेतन 15,500 आणि वैमानिकाचा उड्डाण भत्ता 25,000 पासून पुढे. महागाई भत्ता वेगळा. बाहेर हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना काढायचा तर उड्डाणाच्या तासागणिक पैसे मोजावे लागतात आणि तो खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात क्वचितच असतो. सैन्यात तोच खर्च सरकार करतं. बदल्यात ते वर्षं मागतं. एएफकॅटमधून आलेल्या वैमानिकाची अल्पमुदतीची सेवाच चौदा वर्षांची असते.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांना बाहेर कामाची ददात नसते. मुंबई हायच्या तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण जुहूच्या धावपट्टीवरून चालते. केदारनाथच्या यात्रेत, निवडणुकीच्या दौऱ्यांत, हवाई रुग्णवाहिकांत कॉकपिटमध्ये बसलेला पन्नाशीचा शांत गृहस्थ पुष्कळदा जुना सैनिकच असतो. नागरी परवान्यासाठी त्यांना वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, पण लॉगबुकातले तास बरोबर येतात.

नाशिकला अभ्यासक्रम संपतो तेव्हा मैदानावर संचलन होतं, विंग्ज लावले जातात, सर्वांत गुणवान ठरलेल्याला 'सिल्व्हर चीता' चषक मिळतो आणि घरचे फोटो काढतात. वैमानिकांना विचारलं तर त्यांच्या लक्षात राहिलेला दिवस बहुधा दुसराच असतो, पहिल्यांदा प्रशिक्षकाशिवाय उडण्याचा. त्या दिवशी प्रशिक्षक काही न बोलता हेडसेट काढतो, पट्टा सोडतो, दार उघडून पात्यांखालून वाकून निघून जातो. शेजारची सीट रिकामी. शिकाऊ नेहमीसारखी कलेक्टिव्ह वर ओढतो आणि यंत्र एकदम उसळतं, एका बाजूला झुकतं, कारण सत्तर-ऐंशी किलोंचा एक माणूस त्यातून कमी झालाय आणि तोल पार बदललाय. इतके दिवस हाताला पाठ झालेला हॉवर आता तसा लागत नाही. तो हात किंचित सरकवतो, पायाने नाक धरतो, समोरच्या झाडाकडे बघतो आणि नवा तोल शोधू लागतो.